अर्ध्या तासाची अमानत
ॲलर्जीच्या इंजेक्शनाच्या निमित्ताने एक नैतिक विचार

आजारावर औषध घ्यावे की न घ्यावे, हा वाद मुस्लिम समाजात आता जवळजवळ मिटला आहे. अल्लाहने जो आजार पाठवला त्याचा उपायही पाठवला, अशा आशयाची हदीस सहीह बुखारीत आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः उपचार घेतले आणि इतरांनाही घेण्यास सांगितले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ही गोष्ट मान्य केल्यावर एक अधिक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो आणि त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ज्या उपचारातच काही धोका आहे, तो उपचार कोणत्या अटींवर वैध ठरतो? त्या अटी पाळण्याची जबाबदारी कोणाची? आणि अटी मोडून घेतलेल्या उपचारातून हानी झाली, तर ‘अल्लाहची मर्जी’ एवढे म्हटल्याने कोणाची सुटका होते काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ॲलर्जीच्या इंजेक्शनाचे उदाहरण विशेष उपयोगी आहे. ज्या पदार्थाने माणसाला त्रास होतो, तोच पदार्थ या उपचारात अत्यल्प मात्रेत त्याच्या शरीरात जाणीवपूर्वक सोडला जातो.

नावाचा घोळ

प्रथम एक घोळ दूर करणे आवश्यक आहे. आपल्या गावांत आणि मोहल्ल्यांत ‘ॲलर्जीचे इंजेक्शन’ या नावाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. अंगावर पित्त उठले, शिंकांनी हैराण केले की जवळच्या दवाखान्यात जाऊन जे इंजेक्शन घेतले जाते, त्यात बहुधा खाज दाबणारे औषध आणि स्टेरॉइड असते. त्याने तासाभरात आराम पडतो, पण आजाराचे मूळ तसेच राहते. स्टेरॉइडची इंजेक्शने वारंवार घेतल्यास रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते.

दुसरा प्रकार म्हणजे ज्याला वैद्यकशास्त्र इम्युनोथेरपी म्हणते तो. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधील डॉक्टर लिओनार्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागकणांचा अर्क रुग्णांना टोचून हा मार्ग प्रथम दाखवला. त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी ते काम पुढे चालवले. आज या पद्धतीत घरातील धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, परागकण यांसारख्या पदार्थांचे अर्क वापरतात. आरंभी साधारणतः दर आठवड्याला थोडी थोडी मात्रा वाढवीत नेतात, मग ठरलेल्या मात्रेवर महिन्याकाठी एक इंजेक्शन देतात, आणि हा क्रम तीन ते पाच वर्षे चालतो. शरीर हळूहळू त्या पदार्थाला शत्रू मानणे सोडून देते. पहिल्या प्रकारचे इंजेक्शन केवळ लक्षणे दाबते. आजाराची दिशा बदलण्याची क्षमता या दुसऱ्या प्रकारात आहे.

ॲलर्जीचा विचार मुस्लिम वैद्यांना अपरिचित नव्हता. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेले थोर वैद्य अबू बक्र अर्-राझी यांनी, वसंतात गुलाबाचा वास घेताच अबू झैद बल्खी यांचे नाक का वाहू लागते, या एकाच प्रश्नावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. एका माणसाच्या शिंकांचे कारण शोधण्यासाठी एवढी चिकाटी दाखवणारी ती परंपरा आपलीच आहे.

मिरजेतील प्रश्न

आता मिरजेकडे वळू. येथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेले मिशन हॉस्पिटल आहे, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्यांच्या आसपास वाढलेल्या असंख्य दवाखान्यांमुळे हे गाव दक्षिण महाराष्ट्राचे व उत्तर कर्नाटकाचे रुग्णालय बनले आहे. रेल्वेचे जंक्शन असल्याने जत, पंढरपूर, अथणी, रायबाग, बेळगाव अशा गावांतून रुग्ण पहाटेच्या गाडीने येतात आणि सायंकाळच्या गाडीने परततात.

या भागात नाकाच्या आणि श्वासाच्या तक्रारींना निमित्ते पुष्कळ आहेत. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, आज प्रत्येक बांधावर उभे आहे. सांगलीत हळदीची धूळ आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, जेथे शिकलगार घराण्यांनी १९ व्या शतकात शस्त्रांचे काम सोडून तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला, तेथे पिढ्यान्पिढ्या लाकडाचा भुसा उडतो आहे. पण प्रत्येक शिंक म्हणजे ॲलर्जी नव्हे, आणि प्रत्येक ॲलर्जीवर इंजेक्शन हा उपाय नव्हे. हळदीच्या गिरणीत ठसका लागणे हा बहुधा धुळीचा साधा त्रास असतो. लाकडाच्या भुशाने दमा उसळत असेल, तर तोंडावर मास्क, खोलीत खेळती हवा आणि शक्य तेथे कामात बदल हाच पहिला उपाय आहे. ज्याची ॲलर्जी त्वचेवरील तपासणीने किंवा त्या विशिष्ट पदार्थाच्या रक्ततपासणीने निश्चित झाली आहे, आणि ज्याचा रोजचा त्रासही त्याच पदार्थाशी जुळतो, त्याच्यासाठीच हे इंजेक्शन आहे. शेकडो पदार्थांची यादी असलेला रक्ताचा अहवाल हाती ठेवून सरसकट इंजेक्शने सुरू करणे हे ज्ञानाला धरून नाही.

समजा, योग्य तपासणी झाली आणि उपचार ठरला. येथूनच मिरजेचा खास प्रश्न सुरू होतो. रुग्ण सीमेपलीकडच्या गावचा आहे. दर आठवड्याला मिरजेस येणे त्याला परवडत नाही. एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते. मग अर्काच्या बाटल्या बर्फाच्या थर्मासात घालून त्याच्या हाती दिल्या जातात आणि सांगितले जाते की, गावातील कोणाकडूनही टोचून घ्या. गावात कधी डॉक्टर असतो, कधी केवळ सुई टोचता येणारा माणूस. पाच मिनिटांत काम होते आणि रुग्ण शेताकडे निघतो. हे करणे योग्य आहे काय?

धोका किती, आणि कोणत्या अटींवर?

बहुतेक रुग्णांना या इंजेक्शनाने दंडावर थोडी सूज आणि खाज याहून अधिक काही होत नाही. पण क्वचित एखाद्याच्या संपूर्ण शरीरात तीव्र प्रतिक्रिया उसळते. अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, छाती भरून येते, रक्तदाब कोसळतो. तिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. वेळेवर उपचार न झाल्यास ती जीव घेऊ शकते. अमेरिकेतील १९९० ते २००१ या काळाच्या पाहणीत सुमारे २५ लाख इंजेक्शनांमागे एक मृत्यू असे प्रमाण आढळले. ज्यांचे प्राण गेले त्यांपैकी बहुतेकांना दमा होता आणि अनेकांचा दमा आटोक्यात नव्हता.

२५ लाखांत एक हे प्रमाण ऐकून कोणीही म्हणेल की, भीतीचे कारण नाही. परंतु हा आकडा ज्या व्यवस्थेतून आला आहे, तिच्यात प्रशिक्षित डॉक्टर, इंजेक्शनानंतर थांबण्याचा दंडक आणि हाताशी ॲड्रेनलिन गृहीत धरलेले असते. त्या अटी गाळून केवळ आकडा आपल्या गावी नेता येत नाही. ब्रिटनचा इतिहास याची साक्ष देतो. तेथे ही इंजेक्शने साध्या दवाखान्यांतही सर्रास दिली जात. १९८६ साली तेथील औषध सुरक्षा समितीने जाहीर केले की, १९५७ पासून अशा इंजेक्शनांमुळे २६ मृत्यू घडले आहेत. त्यानंतर रुग्णाचे प्राण वाचवण्याची साधने असतील तेथेच हे इंजेक्शन द्यावे आणि नंतर दोन तास रुग्णावर लक्ष ठेवावे, असा आदेश निघाला. परिणामी तेथील साध्या दवाखान्यांतून हा उपचार जवळजवळ नाहीसा झाला. आधीच्या ढिलाईमुळे प्राण गेले, आणि त्या ढिलाईची किंमत म्हणून पुढे गरजू रुग्णही एका उपयुक्त उपचाराला मुकले.

गंभीर प्रतिक्रियांपैकी बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात सुरू होतात, म्हणून आज किमान ३० मिनिटे दवाखान्यात थांबण्याचा नियम सर्वमान्य आहे. अशी प्रतिक्रिया दिसताच मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत ॲड्रेनलिन देणे हा पहिला उपाय आहे. खाज दाबणारे औषध किंवा स्टेरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाही. ॲड्रेनलिनची कुपी महागही नाही. भारतातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ साली आणि पुन्हा २०१७ साली या उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. तेव्हा नियम ठाऊक नव्हता, अशी सबब कोणत्याही डॉक्टरला उरलेली नाही.

शरीअतची भूमिका

या प्रश्नावर सर्वांत उद्बोधक घटना सुनन अबू दाऊदमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आली आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला स्नानाची आवश्यकता पडली. तयम्मुमची सवलत मिळेल काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असल्याने सवलत नाही, असे त्यांनी आपल्या समजुतीने सांगितले. त्याने स्नान केले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. ही वार्ता प्रेषितांना (स.) कळली तेव्हा ते अत्यंत नाराज झाले. त्या मृत्यूची जबाबदारी त्यांनी थेट सल्ला देणाऱ्यांवर टाकली, आणि ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारायला हवे होते, कारण अज्ञानाचा इलाज विचारण्यातच आहे, असे बजावले.

या घटनेतील सोबती दुष्ट नव्हते. त्यांचा हेतू धर्मपालनाचाच होता, आणि मृत्यूची वेळ अल्लाहकडे निश्चित असते हेही त्यांना ठाऊक होते. तरीही चांगला हेतू आणि नशिबावरील श्रद्धा यांपैकी कोणतीही गोष्ट त्यांना जबाबदारीतून मुक्त करू शकली नाही. ज्यांना ज्ञान आहे त्यांना विचारण्याची आज्ञा कुरआनने दिली आहे (सूरह अन्-नहल, ४३), आणि आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई केली आहे (सूरह अल्-बकरा, १९५).

वैद्याच्या बाबतीत तर स्पष्ट हदीस आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो तो झालेल्या हानीचा भरपाईदार ठरतो, असा तिचा आशय असून ती अबू दाऊद, नसाई आणि इब्ने माजा या तिन्ही संग्रहांत आहे. १४ व्या शतकातील विद्वान इब्ने कय्यिम यांनी तिचे विवेचन करताना वैद्यांचे प्रकार पाडले. जो कुशल आहे, ज्याने आपल्या कलेचा हक्क पूर्णपणे अदा केला आणि रुग्णाच्या परवानगीने उपचार केला, त्याच्याकडून हात न चुकताही हानी झाली तर तो दोषी नाही. अडाणी माणसाने वैद्य असल्याचे भासवून हानी केली तर तो दोषी आहे. पण समोरचा माणूस अडाणी आहे हे ठाऊक असूनही रुग्णाने स्वतःला त्याच्या स्वाधीन केले असेल, तर त्याच्यावर भरपाई येत नाही, असेही ते नोंदवतात. म्हणजे अशा वेळी जबाबदारीचा मोठा वाटा रुग्णाकडे वळतो. केवळ पैसे वाचतात म्हणून सुई टोचणाऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाने या मुद्द्यावर विचार करावा. कुशल वैद्याचे गुण सांगताना इब्ने कय्यिम हेही म्हणतात की, आजार घालवणे एवढेच त्याचे ध्येय नसावे. त्याहून मोठी आपत्ती ओढवणार नाही अशा रीतीने तो घालवणे हे ध्येय असावे.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. लाभ मिळवण्याआधी हानी टाळावी, असा फिक्हचा नियम आहे. मग शिंकांसारख्या त्रासासाठी प्राणाचा धोका, तो कितीही लहान असो, पत्करावाच का? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. त्याचे उत्तर असे की, हा उपचार कोणावरही बंधनकारक नाही. ज्याचे नाकातील फवाऱ्याने आणि साध्या गोळीने भागते, त्याने तेवढ्यावरच समाधान मानावे. पण ज्याची झोप वर्षानुवर्षे उडाली आहे, ज्याला दम्यामुळे काम करता येत नाही, ज्याच्या मुलांचे पोट त्याच्या श्वासावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी उपचार न करणे हीसुद्धा हानीच आहे. दोन हानींमध्ये तुलना करताना इंजेक्शनाची बाजू तेव्हाच जड होते, जेव्हा त्याचा धोका सर्व उपलब्ध साधनांनी कमी केलेला असतो. धोका वैध ठरतो तो अटींमुळे. अटी गेल्या की तीच सुई निषिद्ध हानीच्या सदरात मोडते.

तवक्कुल आणि घड्याळ

‘मृत्यू लिहिलेला असेल तर अर्धा तास बसून तो टळणार आहे काय?’ असे बोल आपल्या समाजात अनेकदा ऐकू येतात. अमवासच्या साथीच्या वेळी हजरत उमर (रजि.) यांनी साथीच्या प्रदेशात न शिरता मागे फिरण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यांनाही असाच प्रश्न विचारला गेला होता. आपण अल्लाहच्या एका निर्णयापासून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा भावार्थ होता. दवाखान्यातील बाकावर घालवलेला अर्धा तास हा तवक्कुलचाच भाग आहे. ॲड्रेनलिनच्या कुपीत गुण ठेवणारा अल्लाहच आहे. तिच्याकडे पाठ फिरवून जाण्याला तवक्कुल म्हणता येत नाही.

काही जण नमाजच्या घाईने उठतात. शुक्रवारी जुम्याच्या आधी इंजेक्शन घ्यायचे आणि दहा मिनिटांत मशिदीकडे निघायचे, हे योग्य नाही. इंजेक्शनासाठी दुसरी वेळ ठरवावी. ते शक्य नसेल आणि रोजच्या नमाजची जमाअत चुकत असेल, तर जिवाची भीती हे फिक्हमध्ये मान्य असलेले कारण आहे. नमाज दवाखान्यातही अदा करता येते.

रमजानमध्येही हा प्रश्न येतो. जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ च्या दहाव्या अधिवेशनात निर्णय दिला की, त्वचेत, स्नायूत किंवा शिरेत दिलेल्या इंजेक्शनाने रोजा मोडत नाही, मात्र पोषण देणारी इंजेक्शने आणि सलाइन याला अपवाद आहेत. तेव्हा रोज्याच्या कारणाने ठरलेली मात्रा चुकवू नये, आणि चुकलीच तर ते लपवू नये, कारण खंड पडल्यावर मात्रा बहुधा कमी करावी लागते. तसेच प्रतिक्रिया उसळली आणि प्राणावर बेतले, तर रोज्याचा विचार न करता जे आवश्यक ते सर्व उपचार घ्यावेत. असा रोजा नंतर भरून काढता येतो.

दोन्ही बाजूंची अमानत

अमानती त्यांच्या हक्कदारांना परत करण्याची आज्ञा सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत आहे. रुग्णाचे शरीर ही डॉक्टरकडे सोपवलेली अमानत आहे, आणि रुग्णाकडेही ती अल्लाहची अमानतच आहे. म्हणून कर्तव्ये दोघांचीही आहेत.

डॉक्टरने उपचार सुरू करण्यापूर्वी तो किती वर्षे चालेल, किती खर्च येईल, किती लाभ संभवतो आणि कोणता धोका आहे, हे रुग्णाच्या भाषेत सांगावे. ‘मुळापासून खात्रीने बरा’ असे वचन देऊ नये. प्रत्येक वेळी बाटलीवरील नाव व क्रमांक तपासावा. दमा उसळलेला असेल तर त्या दिवशी सुई उचलू नये. कट प्रॅक्टिसच्या लोभाने ज्याला गरज नाही त्याच्या गळ्यात हा उपचार बांधणे ही उघड फसवणूक आहे. धान्याच्या ढिगात आतले ओले धान्य लपवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) कोणत्या शब्दांत फटकारले, हे आपण सर्व जाणतो.

रुग्णाने खरे सांगावे. गेल्या आठवड्यात धाप लागली होती काय, ताप आहे काय, मागच्या इंजेक्शनानंतर काही झाले काय, रक्तदाबाची किंवा हृदयाची नवी गोळी सुरू झाली काय, गर्भधारणेची शक्यता आहे काय, हे लपवू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे प्रतिक्रिया आटोक्यात आणणे कठीण होते. म्हणून जे सांगणे क्षुल्लक वाटते त्यावरच प्राण अवलंबून असू शकतात. इंजेक्शनानंतर काही तास धावपळीचे, घाम गाळणारे काम टाळावे.

आणि सीमेपलीकडच्या त्या रुग्णाचे काय? त्याची अडचण खरी आहे. मजुरी बुडण्याचे दुःख पोटभर जेवणाऱ्याने हलके लेखू नये. पण त्याची गरिबी हे त्याला कमी सुरक्षित उपचार देण्याचे कारण होऊ शकत नाही. मिरजेतील तज्ज्ञाने बाटली हाती देण्यापूर्वी गावातील पात्र डॉक्टरशी स्वतः बोलावे, मात्रांचा तक्ता लिहून द्यावा, तेथे ॲड्रेनलिन आहे आणि ते वापरता येते याची खात्री करावी, व अर्क फ्रिजमध्ये राहील हे पाहावे. मात्रा वाढवण्याचा काळ अधिक जोखमीचा असतो, तेवढा तरी मिरजेत पूर्ण करावा. हे काहीच शक्य नसेल तर इंजेक्शन देऊ नये. फवारे आहेत, गोळ्या आहेत, आणि काही रुग्णांसाठी जिभेखाली ठेवण्याचे थेंबही आहेत. त्यांचीही पहिली मात्रा डॉक्टरसमोरच घ्यावी, आणि रमजानमध्ये ते इफ्तारनंतर घ्यावेत. ज्ञान, साधन आणि वेळ या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र आहेत तेथेच ही सुई टोचली जावी.

मोहल्ल्यातील सुखवस्तू कुटुंबांनीही यात आपला वाटा उचलावा. एखाद्या मजुराचे महिन्याचे गाडीभाडे आणि एका दिवसाची मजुरी देणे हे मोठे दान वाटणार नाही, परंतु त्यामुळे तो माणूस बाकावर अर्धा तास निश्चिंत बसू शकेल. एक जीव वाचवणे म्हणजे समस्त मानवजातीला वाचवणे, ही सूरह अल्-माइदाच्या ३२ व्या आयतीची शिकवण अशा लहान कृतींतूनच आचरणात येते.

अल्लाह आजारी बंधुभगिनींना आरोग्य देवो, उपचार करणाऱ्यांना ज्ञान व प्रामाणिकपणा देवो, आणि आपल्या हाती सोपवलेल्या प्रत्येक अमानतीचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.